शमशेरभाईंनी हात फिरवला

आमच्या शाळेत कोणाला घ्यायचं हे ठरवायला मार्क लागत नाहीत, आणि माझी सगळी भानगड तिथूनच सुरू होते. मी इथली लिपिक. त्याआधी बावीस वर्षं पंचायत समितीत काढली. तिथं विहीर असो की गोठा, प्रत्येकाला एक रकाना असायचा आणि रकान्यात आकडा. आकडा चुकला तर खोडायचा, सही करायची, चहा प्यायचा. मग माझी बदली झाली ती थेट या कला विद्यालयात. नगरच्या बाहेर एका जुन्या सरकारी गोदामात भरणारी सरकारी शाळा. फी नाही, वसतिगृह आहे, चौदा तालुक्यांतून पोरं येतात. चित्र, गाणं, नाच, नाटक यातलं एक काहीतरी करून दाखवायचं आणि सहावीत प्रवेश मिळवायचा. चित्रकलेला जागा वीस. पण प्रवेश रजिस्टरात ‘प्राप्त गुण’ हा रकाना आहे तो आहेच. मी तिथं दरवर्षी आडव्या रेघा मारते आणि तपासणीला येणारा माणूस दरवर्षी विचारतो, ही रेघ कशाची? मला माहीत असतं तर मी आकडा नसता का लिहिला?

माझ्याइतका गोंधळलेला दुसरा माणूस या शाळेत एकच, शमशेर सय्यद. आमचे शिपाई. वय अठ्ठावन्न, उंच, पाठीत किंचित वाकलेले, आणि बोटांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग. शिपाई होण्याआधी ते पेंटर होते. म्हणजे चित्रकार नव्हे, बोर्ड रंगवणारे पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, दूध संकलन केंद्रं, शाळांच्या भिंतीवरचे नकाशे. एके काळी नगरमध्ये कुठंही उभं राहून मान फिरवली की त्यांचं एखादं अक्षर दिसायचं. पुढं छापील फ्लेक्स आले आणि लोकांना एका तासात, स्वतःच्या फोटोसकट बोर्ड मिळायला लागला. शमशेरभाई कंत्राटावर आमच्याकडे शिपाई म्हणून लागले. लागल्या लागल्या त्यांनी न सांगता शाळेचं फाटक रंगवलं, वर्गांवर नावं घातली, माझ्या दारावर ‘कार्यालय’ असं इतकं देखणं लिहिलं की मला आत बसून फाईली शोधायची लाज वाटायला लागली.

सरळ रेघ ही त्यांची जान. नुसत्या हातानं, कशाचाही आधार न घेता, दहा फुटांची रेघ मारतील आणि ती दोरी ताणून मारल्यासारखी येईल. अशा माणसाला आमच्या शाळेत काय काय बघावं लागत होतं ते मी रोज पाहत होते. आमचे चित्रकलेचे अमृत सर, प्रभारी मुख्याध्यापकही तेच, तरुण, हुशार, पण विक्षिप्त. एकदा त्यांनी सातवीच्या मुलांना सांगितलं, आज सगळ्यांनी डाव्या हातानं चित्र काढायचं. शमशेरभाई पाण्याचे वाडगे घेऊन वर्गात गेले होते ते तसेच माझ्याकडे आले.

“मॅडम, पोरांना उजव्या हातानं चांगलं येतंय. मंग डाव्यानं कशाला?”

“सरांना विचारा.”

“इचारलं. म्हणले, उजव्यानं येतंय म्हणूनच डाव्यानं.” ते दारातच उभे राहिले. “येतंय ते मोडायचं कशाला ओ?”

मी म्हटलं, मला काय विचारता, माझ्या रजिस्टरात डाव्या-उजव्याचा रकाना नाही. त्यावर ते हसले नाहीत. शमशेरभाई सहसा कोणावर हसत नाहीत आणि चिडतही नाहीत. ते नुसते विचारात पडतात आणि मग दोन दिवस पडलेलेच राहतात.

यंदा एप्रिलमध्ये चित्रकलेची चाचणी होती. एकशे शहाऐंशी मुलं. दहा ते बारा वेळ, आणि विषय ‘माझ्या दारातून दिसतं ते’. अकरा वाजायला आले तेव्हा फाटकात दुधाचा एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून एक माणूस उतरला, घामाघूम, मागून दोन वेण्या घातलेली किडकिडीत मुलगी. नाव राजनंदिनी, गाव खर्डा, तालुका जामखेड. बापाचं नाव गोरक्ष. पहाटेच निघाले होते, वाटेत टायर बसलं.

मी नियम दाखवला. अर्ध्या तासाच्या पुढं आत घेता येत नाही. नियम मी केलेला नाही, पण तो राखायची हौस मला आहे हे मी नाकारत नाही.

गोरक्षनं हात जोडले. “बाई, वरडा मला, पन हिला बसू द्या. हिला दुसरं कायबी जमत न्हाई ओ. लिवायला घातली की अक्षरं उलटी, वाचायला उभी केली की रडाया लागती. मास्तर म्हनत्यात, हिचं शाळेत काय व्हायचं न्हाई, बसवा घरी. एका गुरुजींनी हिच्या वह्या बघितल्या आन हा फारम भरला.”

“पुढच्या वर्षी आणा.” मी म्हटलं खरं, पण म्हणता म्हणताच मला कळलं की पुढचं वर्ष नाहीच. आमच्याकडे फक्त सहावीत घेतात. एकदा हुकलं की हुकलं. मुलगी माझ्याकडे बघतही नव्हती, दारावरच्या ‘कार्यालय’ या अक्षरांकडे बघत होती. मागून अमृत सरांचा आवाज आला, “पंकजाताई, बसू द्या तिला.” मी तिला क्रमांक दिला, एकशे त्रेचाळीस, तिथला एक मुलगा आलाच नव्हता. शमशेरभाईंनी तिला खिडकीजवळ बसवलं, पाण्याचा वाडगा भरून दिला आणि तिच्यासमोर रंगांच्या बाटल्या एका ओळीत लावून ठेवल्या.

बाराला कागद गोळा झाले. ओले कागद एकावर एक ठेवता येत नाहीत, म्हणून ते नाचाच्या हॉलमध्ये जमिनीवर मांडून पंखे लावायचे आणि वाळले की क्रमानं लावून परीक्षकांकडे न्यायचे, हे काम शमशेरभाईंचं. तासभर ते तिथं एकटेच होते. आम्ही सगळे जेवायला गेलो. गोरक्षला संध्याकाळच्या दुधाला गावात पोचायचं होतं, म्हणून तो मुलीला घेऊन लगेच निघाला. यादी पाचला लागणार होती, लांबच्या लोकांना आम्ही फोनवर कळवतो.

दीड वाजता परीक्षक बसले. अमृत सर आणि पुण्याहून आलेल्या एक बाई, पांढरे केस, पायात कोल्हापुरी, बोलणं कमी. कागद बघायचे आणि तीन गठ्ठे करायचे. घ्यायचे, नाही घ्यायचे आणि परत बघायचे. मी शेजारी बसून क्रमांक लिहीत होते. काय बघून कुठला कागद कुठं जातो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सुरेख सूर्योदय ‘नाही’त गेला, आणि ज्यात मला नुसता चिखल दिसला तो कागद बाईंनी दोनदा उचलून ‘घ्यायचे’मध्ये ठेवला.

मग एकशे त्रेचाळीस आला. मी पेन खाली ठेवलं. दिवसभरात पहिल्यांदा मला चित्रासारखं चित्र दिसलं. खर्ड्याच्या किल्ल्याची काळ्या दगडाची भिंत, एकेक दगड चिरा मोजून घ्यावा असा, वर निळं आभाळ, खाली गवताची हिरवी जमीन, आणि जमिनीवर एक बकरी. वा, म्हटलं, टेम्पोवाल्याच्या पोरीनं नाव काढलं.

“अरेरे,” पुण्याच्या बाई म्हणाल्या.

अमृत सरांनी कागद उजेडाकडे धरला. “बकरी मुलीची आहे. बाकीचं नाही. मोठ्या माणसाचा हात आहे हा.”

“क्लासवाले पोरांना घोटवून पाठवतात, त्यातलं असेल.”

“घोटवलेलं नाही, बाई. वरून दुसऱ्यानं रंगवलंय.”

मोठ्याचा हात आढळला तर कागद बाद, हा नियम अर्जावरच छापलेला आहे. मी एकशे त्रेचाळीससमोर ‘बाद’ लिहिलं. लिहिताना मात्र काहीतरी खटकलं. ती पोरगी एकटीच आत बसली होती. बाप फाटकाबाहेर टेम्पोत. मग मोठा माणूस आला कुठून? मी कागद परत पाहिला. भिंतीच्या उजव्या बाजूला, खाली, राखाडी रंगाची एक बारीक सावली दिली होती. ती सावली मी रोज सकाळी कुलूप उघडताना बघते. माझ्या दारावरच्या ‘कार्यालय’ला अगदी तशीच सावली आहे.

शमशेरभाई मागच्या नळावर वाडगे धूत होते.

“एकशे त्रेचाळीसला तुम्ही हात लावलात?”

“हां मॅडम,” ते आनंदानं म्हणाले. “लई उशिरा आलती ना पोरगी. अर्धा कागद कोराच राहिलता. भिंतपन कलली हुती. मी जरा हात फिरवला.”

मी डोक्याला हात लावला. मग जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही. शमशेरभाई ऐकत राहिले, हातातला वाडगा गळत राहिला.

“मॅडम, वाईट काय झालं त्यात?” ते खरंच विचारत होते. “आमच्या उस्तादाच्या दुकानात बोर्ड बाहेर जायच्या आधी उस्तादाचा हात फिरायचाच. पोरांनी रंगवायचं, शेवटी उस्तादानं रेघ सरळ करायची, सावली द्यायची. त्याबिगर बोर्ड लागत न्हवता. आन उस्ताद सगळ्यांच्या कामाला हात लावत न्हवता बरं का. ज्याचं चांगलं, त्याच्याच कामाला. बाकीच्यांना म्हणायचा, पुसून टाक. मी सहा म्हैने वाट बघितलती माझ्या बोर्डावर त्यांचा हात फिरायची. फिरला त्या दिवशी आईनं गोड केलतं घरी.”

“ही परीक्षा आहे, शमशेरभाई. दुकान नाही.”

“म्हणून तर चांगलं दिसायला पायजे ना.”

“त्यांनी ते बाद केलं.”

वाडगा त्यांच्या हातातून खाली पडला नाही, त्यांनी तो हळूच नळाखाली ठेवला. “भिंत सरळ केली म्हणून बाद केलं?”

“तुम्ही केली म्हणून.”

“पन आधी कललेली हुती.”

“माहीत नाही मला! मला यातलं काही कळत नाही!” मी ओरडलेच. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा की ती सरळ भिंत मला आवडली होती. मग शांत होऊन मी त्यांना पंचायत समितीतल्या माझ्या बावीस वर्षांतला सगळ्यात मोलाचा सल्ला दिला. गप्प बसा. जूनमध्ये तुमचं कंत्राट संपतंय. कागद बाद झाला, कोणी विचारणार नाही. मुलीच्या बापाला मी फोनवर सांगेन, निवड झाली नाही म्हणून. एकशे सहासष्ट जणांची होणारच नाहीये, त्यात ही एक.

त्यांनी मान हलवली. ते परीक्षकांच्या दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. “मॅडम, पोरीचं चित्र बाद झालं का माझं?” मी म्हटलं, दोन्ही. तिसऱ्यांदा गेले ते आतच शिरले. मी मागोमाग धावले.

शमशेरभाईंनी सगळं सांगितलं, उस्तादासकट. अमृत सर लाल झाले. ते शमशेरभाईंना फार मानतात, म्हणून जास्तच चिडले. “भाई, तुम्ही? एकशे शहाऐंशी कागद होते समोर. हाच का दिसला तुम्हाला?”

“सगळ्यात चांगला हुता म्हणून.”

पुण्याच्या बाईंनी चष्मा काढला. “आधी काय होतं त्यावर?”

“आता निघणार न्हाई, बाई. रंगाखाली गेलं.”

“निघू दे नाहीतर राहू दे. तुम्हाला आठवतंय का?”

“हां, आठवतंय तर.”

त्यांना कोरा कागद दिला. ते नेहमीसारखे जमिनीवर मांडी घालून बसले. आयुष्यभर समोरचं बघून जसंच्या तसं उतरवायचं काम केलेला माणूस, तेव्हा आठवणीबद्दल मला शंका नव्हती. पण दहा फुटांची रेघ श्वास न सोडता मारणारा तो हात वाकडी रेघ मारताना जागोजागी थांबत होता. भिंत उजवीकडे कलली. मधेच पोटाशी फुगली. वरचा भाग असा पुढं आला की आता पडते का काय. आभाळ जवळजवळ नाहीच. खाली सगळा कोरा पांढरा कागद, त्यात एक बकरी, मान वर करून भिंतीकडे बघणारी. कागदाच्या अगदी खालच्या काठाला त्यांनी गुलाबी रंगाचे दोन ठिपके दिले.

“हे काय?” अमृत सर.

“सांडलता रंग. मी झाकून टाकलता त्याला.”

बाई वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. “सांडलेला नाही, शमशेरभाई. पायाचे अंगठे आहेत. तिचे. ती उंबऱ्यावर बसलीय.”

शमशेरभाई त्या ठिपक्यांकडे असे बघत होते की जणू त्यांनी कोणाच्या तरी पायावर पाय दिला होता. मीही बघितलं. अंगठे दिसल्यावर मला ते अंगठे वाटले, भिंत मात्र मला तरीही पडकीच वाटत होती. खरं ते सांगते.

“आता हे चित्र कोणाचं म्हणायचं?” अमृत सर हताश होऊन म्हणाले.

“तिचं,” शमशेरभाई.

“हात तर तुमचा आहे.”

“हात माझा, चित्र तिचं.”

“मग त्या आधीच्या कागदावर?”

“त्याच्यावर चित्र तिचं, हात…” ते अडकले. बोटं मोजल्यासारखं काहीतरी करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा अडकले.

शेवटी बाईंनीच निकाल दिला. या दोन्ही कागदांवर जागा देता येत नाही. मुलीला परत बोलवा, तिनं इथं आमच्यासमोर पुन्हा काढू दे. यादी पाचच्या ऐवजी सहाला लावू. मी गोरक्षला फोन केला. नशीब त्याचं, सकाळचं पंक्चर काढायला तो वाटेतल्या चिचोंडी पाटील गावात थांबला होता. “काय चुकलं का बाई?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, एक सही राहिलीय. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकं सफाईनं खोटं पहिल्यांदा बोलले.

चारला ते आले. बापाला मी माझ्याकडे बसवून घेतलं, पण सहीचं सोंग दोन मिनिटांत संपलं आणि मी त्याला चहा देऊन परीक्षकांच्या खोलीत गेले. तिथं घोळ होऊन बसला होता. एकशे त्रेचाळीसचा कागद टेबलावर तसाच उघडा राहिला होता आणि राजनंदिनी त्याच्यासमोर उभी होती. तिनं सरळ भिंतीवरून बोट फिरवलं.

“हे कुनी केलं?”

अमृत सर काहीतरी सारवासारव करणार तोच शमशेरभाई म्हणाले, “मी केलं, बेटा.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “माझं चुकलं हुतं व्हय?”

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. नाही म्हणा, माझ्या मनात आलं, नाही म्हणायला काय जातं तुमचं. पण या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि खरं काय ते त्याला माहीत नव्हतं. “मला म्हाईत न्हाई, बेटा,” ते म्हणाले.

तिला नवा कागद दिला. तिनं पेन्सिल घेतली, रंगाच्या पेटीची कड कागदावर ठेवली आणि तिच्या आधारानं वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ ओढली. मग तिच्या शेजारी दुसरी. तिचे दगड अगदी शमशेरभाईंसारखे चौकोनी व्हायला लागले. बाई उठून खिडकीशी गेल्या. अमृत सरांनी डोळे मिटले. गेली, मी म्हटलं, जागा गेली. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी मी उगाच रजिस्टर चाळायला लागले. या पोरीला दुसरं काही जमत नाही, आणि जे जमत होतं ते आम्ही सगळ्यांनी मिळून एका दिवसात दुरुस्त करून टाकलं होतं.

पाचवा दगड काढून ती थांबली. मान वर केली.

“काका, तुमी खर्ड्याला आलता का?”

“न्हाई,” शमशेरभाई दारातून म्हणाले.

“कंदीच?”

“कंदीच न्हाई.”

“मंग तुमाला काय म्हाईत, आमची भिंत कशी हाय ते?”

ती उत्तराची वाट बघत थांबली, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत. उर्मटपणा नव्हता त्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तिनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला, पेटी बाजूला सारून, नव्यानं सुरुवात केली. भिंत कलली, फुगली, पुढं आली. बकरी आली. खालचा कागद पांढरा राहिला आणि त्याच्या काठाला तिनं सगळ्यात शेवटी दोन अंगठे काढले, या वेळी नखांसकट.

यादी सहाला लागली. सतरावं नाव तिचं. गोरक्षला झाल्या प्रकारातलं काहीच माहीत नव्हतं, त्यानं दाखवली तिथं सही केली, सगळ्यांच्या पाया पडला आणि जाताना टेबलावरचा सरळ भिंतीचा कागद उचलला. “हे घरी न्यू का? लई भारी काढलंय पोरीनं.” कोणीच नाही म्हणालं नाही. तो कागद आता खर्ड्याला त्यांच्या घरात लावलेला आहे असं ऐकते.

शमशेरभाईंना खुलासा मागणारं पत्र मलाच टाईप करावं लागलं. त्यांनी खाली एकाच ओळीत लिहून दिलं, ‘चांगले होते म्हणून हात फिरवला, पुन्हा फिरवणार नाही.’ अक्षर नेहमीसारखं देखणं. ते वाचून अमृत सरांनी पत्र फाईलला लावलं आणि जूनचं कंत्राटही करायला सांगितलं. मला वाटलं, संपलं.

मे महिन्यात एका सोमवारी शमशेरभाई माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. शाळेला सुट्टी होती, आम्ही दोघंच होतो.

“काल खर्ड्याला गेल्तो मॅडम. एसटीनं.”

“कशाला?”

“भिंत बघायला.”

मी पेन ठेवलं. बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

“सरळ हाय ओ,” ते म्हणाले. “एकदम सरळ. काय काम केलंय दगडाचं. मी रस्त्यावरनं बघितली, जवळ जाऊन हात लावून बघितली. मंग पोरीच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा दिला. पोरगी म्हणली, असं उभं राहून दिसत न्हाई काका, हितं बसा. उंबऱ्यावर बसलो. ती शेजारी बसली. म्हणली, आता बघा. अर्धा तास बघितली मॅडम. डोळे बारीक करून बघितली, एक डोळा झाकून बघितली.”

“मग?”

“सरळच.”

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. त्यांनी खिडकी ओढून घेतली.

“ती सारखी इचारत हुती, दिसली का, दिसली का. शेवटी मी म्हणलं, व्हय, दिसली.” ते नखातला रंग खरवडत होते. “एवढी खूश झाली ओ. घरात पळत गेली आईला सांगायला. आन मला काय सुदिक दिसलं न्हवतं. चाळीस वर्षं या डोळ्यांवर पोट भरलं मी.”

मलाही ती भिंत सरळच दिसली असती. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

“जूनमधी ती हितंच यायची,” ते म्हणाले. “रोज दिसणार. एखाद्या दिवशी कागद घेऊन आली आन म्हणली, काका, बघा बरं कसं झालंय, तर मी काय सांगू तिला?”